वळणांचा खर्च कोणी सोसला?

(सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण, थोडा संक्षेप करून.)



प्रास्ताविक करणाऱ्या तरुण मित्राने माझा परिचय करून देताना एक वाक्य वापरले. दुष्काळात खडी फोडणारा मुलगा केवळ स्वतःच्या हिमतीवर प्राध्यापक झाला, असे ते वाक्य होते. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मीही हात जोडले. सत्काराच्या वेळी वाद घालू नये एवढी रीत मला ठाऊक आहे. परंतु आता माझ्या हातात ध्वनिक्षेपक आला आहे, आणि आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवल्यामुळे कोणतीही जमा दिसली की ती कोणाच्या नावावर पडली हे पाहण्याची खोड मला लागली आहे. 'केवळ स्वतःच्या हिमतीवर' या खात्यात जी रक्कम दाखवली गेली, तिच्यातील फार मोठा हिस्सा इतरांचा आहे. तो कोणाचा, हे आज सांगण्यास आणखी एक कारण आहे. या मेळाव्यापुढे एक ठराव यायचा आहे. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आमचा वर्ग या शाळेत पाचवीला आला तो १९६९ च्या जूनमध्ये, आणि आठवीला पोहोचला तो १९७२ च्या जूनमध्ये. तुमच्यापैकी जे साठीच्या पुढे आहेत त्यांना या सालाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. त्या वर्षी मृग गेला, आर्द्रा गेल्या, आणि पोळ्याला बैलांच्या अंगावर झूल घालण्याजोगे मांस उरले नव्हते. येरळेच्या पात्रात झरे खणून वाटीवाटीने पाणी भरावे लागे. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळे. त्याची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडकत असे. गावच्या शिवेवर रस्त्याचे आणि पुढे पाझर तलावाचे काम निघाले. आईवडील, थोरला भाऊ आणि मी असे चौघे त्या कामावर गेलो. तेथे मजुरीबरोबर सुकडी मिळे. सुकडीची चव मला अजून आठवते, आणि खरे सांगायचे तर ती वाईट नव्हती.

या आठवणीला एक आकडा जोडतो. मे १९७३ मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. १९७१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती. म्हणजे लहान मूल आणि म्हातारे माणूस धरून दर दहांतला एक जण टोपली नाहीतर हातोडा घेऊन उभा होता. दुष्काळाचा अभ्यास केलेल्या ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी या कामांकडे आवर्जून लक्ष वेधले आहे, कारण पीक बुडूनही एवढ्या मोठ्या प्रदेशात माणसे किड्यामुंगीसारखी मेली नाहीत. ती जगली याचे कारण पाऊस नव्हे. सरकारने मागेल त्याला काम काढले, आणि ते काढावे म्हणून लोकांनी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे नेले, हे त्याचे कारण.

या योजनेमागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा विचार होता, आणि तिचा पहिला प्रयोग आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यात, विसापूरला झाला होता. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढण्याची निकड मांडली. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. त्याच्या खर्चासाठी शहरातील पगारदारांकडून १९७५ पासून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात आणि ते आपल्या माळावर मजुरी होऊन उतरत. त्या कारकुनाला माझे नाव ठाऊक नव्हते, मला त्याचे नव्हते. तरी आमच्यात एक नाते होते. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके त्याला हस्तांतरण म्हणतात. मला तो शब्द फार कोरडा वाटतो.

आता शाळेकडे येतो. त्या वर्षी आमच्या हेडमास्तरांनी जे केले त्याची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. पटावरची निम्मी मुले खडीवर गेलेली पाहून त्यांनी आठवी ते अकरावीचे वर्ग सकाळी साडेसहाला भरवले आणि दहाला सोडले, म्हणजे मुलांना पुढे कामावर जाता यावे. गणिताचे सर सायकलवरून पाझर तलावाच्या कामावर येत आणि जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली बसवून आमच्याकडून समीकरणे सोडवून घेत. खडीच्या ढिगाचे माप काढायला त्यांनीच आम्हांला शिकवले. ढिगाची लांबी, रुंदी, उंची घेऊन त्याचे घनफळ आम्ही मुले काढू लागलो, आणि मुकादमाच्या वहीतील माप आणि आमचे माप यांत फरक पडू लागला. दोन आठवड्यांनी मुकादमाचे माप सुधारले. भूमितीचा एवढा तातडीचा उपयोग पुढे मला कोठे दिसला नाही. सरांना याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही. उलट शाळेच्या वेळेत शाळेबाहेर गेल्याबद्दल खुलासा मागितला गेला, असे नंतर कळले.

फीचे म्हणाल तर आम्हांपैकी बहुतेकांच्या नावापुढे ई.बी.सी. अशी तीन अक्षरे होती. वार्षिक उत्पन्न बाराशेच्या आत असल्याचा तलाठ्याचा दाखला आणायचा आणि फी माफ. त्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात बसण्याचा कमीपणा होता, नाही असे नाही. पण तो कमीपणा वर्षातून एकदाच वाट्याला येई. उरलेले वर्षभर बाकावर बसलेला सावकाराचा मुलगा आणि मी यांत फरक करण्याचे कारण कोणाला नव्हते. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होत. इमारत गावाने श्रमदानातून उभी केली होती. तिच्या पायाचे दगड धनगरवाड्यातील आणि महारवाड्यातील माणसांनीही वाहिले होते. 'आपली शाळा' म्हणताना यातील 'आपली' हा शब्द किती लांबवर पोहोचतो, ते पाहावे.

१९७५ च्या मार्चमध्ये दहा अधिक दोन अधिक तीन या नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी आम्ही दिली. आमच्या पुढची तुकडी जुनी अकरावी देत होती, त्यामुळे एकाच वर्षी दोन तुकड्या बाहेर पडल्या आणि कॉलेजांच्या दारांशी रेटारेटी झाली. आम्हांला सगळेजण गिनीपिग म्हणत. हा प्राणी काय असतो हे आम्हांपैकी कोणी पाहिले नव्हते.

तेथून पुढे माझी वाट जी सुरू झाली, तिला सरळ म्हणणे कठीण आहे. विट्याच्या कॉलेजात एस.टी.च्या सवलतीच्या पासावर बी.ए., कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात कमवत-शिकत एम.ए. ते झाले १९८२ च्या उन्हाळ्यात. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले आणि चुलत्याकडे मुंबईस गेलो. चुलते लालबागला गावकीच्या खोलीत राहत, साच्यावर काम करीत. पण मी पोहोचलो तेव्हा साचे बंद होते. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर होते. वीस माणसांच्या त्या खोलीत पाळीने झोपण्याची पद्धत होती, कारण निम्मी माणसे नेहमी कामावर असत. संपात सगळी एकदम घरी. तेव्हा झोपायला जिन्यावर जागा धरावी लागे. खानावळवाल्या बाईने चार महिने उधारीवर जेवू घातले. तिचे किती पैसे अखेर बुडाले असतील, हा हिशेब गिरणी संपावरील कोणत्याही ग्रंथात माझ्या पाहण्यात आलेला नाही.

संपकरी हळूहळू गावी परतू लागले, त्यांच्याबरोबर मीही परतलो. तालुक्यात पुन्हा दुष्काळ होता. परतलेले हे गिरणीवाले लोक मुकाट्याने खडी फोडणारे नव्हते. सभा, मागण्यांचे पत्रक आणि शिष्टमंडळ यांचा त्यांना सराव होता. त्यातून आपल्या तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. दर दुष्काळात तोच दगड फोडून दुष्काळ हटत नाही. हमीची कामे पाणी अडवणारी हवीत, असे या माणसांनी विचारायला आरंभ केला. शेतांची, विहिरींची, पिकांची पाहणी झाली. त्या पाहणीचे तक्ते भरणाऱ्या पोरांत मी होतो. एम.ए.च्या वर्गात न शिकलेले अर्थशास्त्र मी तेथे शिकलो. पुढे याच चळवळीतून बळवडी आणि तांदुळवाडी या गावांनी येरळेवर बळीराजा धरण बांधले. नदीच्या वाळूचा लिलाव ठेकेदाराला न देता गावाला मिळावा आणि त्या पैशातून धरण व्हावे, ही त्यामागची कल्पना होती. आणि पाण्याचा वाटा भूमिहीनालासुद्धा, हा त्यातील खरा क्रांतिकारक भाग होता. आज टेंभूचे पाणी खेळते तेथे द्राक्षबागा दिसतात. पाहुण्यांना त्या दाखवताना ही मागची पाने आपण चाळत नाही.

तक्ते भरून पोट भरत नव्हते. एका साखर कारखान्यात एक हंगाम वजनकाट्यावर कारकून होतो. हंगाम संपताच हंगामी माणसे घरी, आणि थकलेला दोन महिन्यांचा पगार पुढच्या हंगामात देऊ असे आश्वासन. तो अजून यायचा आहे. नंतर आमच्या वर्गातील एका मित्राने मला कोइमतूरला बोलावून घेतले. खानापूर-आटपाडीची माणसे गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सोन्याचांदीच्या पेठेत जेथे भट्टी पेटलेली दिसेल तेथे मराठीत हाक मारून पाहावी, ओ मिळते. मी त्याच्या दुकानात हिशेब लिहीत असे. दोन वर्षे आम्ही भट्टीमागच्या खोलीत झोपलो. तेजाबाच्या वाफेने त्याची छाती पोखरली गेली, आणि तो आज आपल्यात नाही. या धंद्यातून तालुक्यात पैसा आला, बंगले झाले, देवळांचे जीर्णोद्धार झाले. त्या पैशाला तेजाबाचा वास होता, हे मात्र सांगितले पाहिजे.

१९८६ मध्ये एका कॉलेजात रजेच्या जागेवर अध्यापक म्हणून घेतले गेले. नंतर आणखी दोन कॉलेजे, तासांवर पैसे, दर मे महिन्यात कमी करायचे आणि जुलैत पुन्हा घ्यायचे. कायम झालो तो १९९० साली, एकतिसाव्या वर्षी. निवृत्त झालो २०१९ मध्ये. त्या एकोणतीस वर्षांत सांगण्यासारखे विशेष काही नाही. तास घेतले, पेपर तपासले.

दहावीनंतरची ही पंधरा वर्षे मी का सांगितली? ती वाया गेली असे मला कधी वाटले नाही, पण ती वाया जाण्याचा संभव पावलोपावली होता. घरी दोन एकर जिराईत आणि एक गाय. असे असताना वडिलांनी मला वेळोवेळी परत येऊ दिले, पुन्हा जाऊ दिले, हे कशाच्या जोरावर? त्यांच्या मनाचा मोठेपणा होताच. परंतु मोठ्या मनालाही दोन वेळची भाकरी लागते. गावात हमीचे काम होते, म्हणून मी कमावला नाही तरी घर उपाशी राहणार नव्हते. माझ्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले नव्हते, म्हणून कोणी सावकार वा बँक दारात उभी नव्हती. एम.ए.पर्यंतचा माझा एकूण खर्च एका म्हशीच्या किमतीइतका झाला असेल. एखादी वाट चुकली तर तेवढेच बुडणार होते. म्हणून वाट बदलण्याची मुभा मला राहिली.

अर्थशास्त्रात मानवी भांडवल नावाची उपपत्ती आहे. थिओडोर शुल्ट्झ यांना १९७९ साली आणि गॅरी बेकर यांना १९९२ साली नोबेल मिळाले, त्यांच्या नावाशी ती जोडली जाते. शिक्षण म्हणजे व्यक्तीने स्वतःत केलेली गुंतवणूक, आणि पुढचा वाढीव पगार म्हणजे तिच्यावरचा परतावा, असा तिचा ढोबळ आशय. मी ती वर्गात प्रामाणिकपणे शिकवली. तिच्यात सत्याचा अंश आहे. पण गुंतवणूक म्हटली की धोका आला, आणि तो कोणी उचलायचा, या प्रश्नापाशी ही उपपत्ती गरिबाच्या घरात येऊन अडखळते. श्रीमंताचा मुलगा तीन धंदे बुडवून चौथा काढतो, त्याला आपण अनुभवी म्हणतो. गरिबाच्या मुलाने एक वर्ष गमावले तर त्याच्या बहिणीचे लग्न पुढे जाते किंवा तिची शाळा सुटते. आमच्या पिढीच्या बाबतीत हा धोका बराचसा समाजाने आपल्या अंगावर घेतला होता. माझ्या वळणांचा खर्च असा निघाला.

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली. शाळांच्या बाबतीत २००१ साली 'कायम विनाअनुदानित' असा शब्दप्रयोग आला. पुढे शिक्षकांच्या आंदोलनांनंतर २००९ मध्ये त्यातील 'कायम' हा शब्द वगळला गेला. २००१ मध्येच बँकांची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. तिची बाजू घेणारे म्हणतात की गरिबालाही आता महाग शिक्षण घेता येते. खरे आहे, घेता येते. परंतु अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरात हप्ता सुरू होतो आणि त्या हप्त्याला वळण माहीत नसते. बी.ई. झालेला माझा एक पुतण्या पुण्यात एका गोदामाच्या पाळीवर आहे. त्याला वनस्पतिशास्त्राचे वेड होते. ते करून पाहा, असे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण कर्जावर जामीन म्हणून त्याच्या वडिलांची सही आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमका हाच हिशेब मांडला होता. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या थरातील मुलांवर, हे त्यांनी आकड्यांकडे बोट दाखवून सांगितले, आणि प्राथमिक शिक्षणावर अधिक खर्च करा अशी मागणी केली. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. ही तिन्ही माणसे आपल्याच नद्यांच्या खोऱ्यांशी जोडलेली. त्यांच्या जयंत्या आपण धूमधडाक्याने करतो.

आता ठरावाविषयी. आमच्या काही यशस्वी माजी विद्यार्थ्यांनी, त्यांत गलाईवाले मित्र आहेत, डॉक्टर आहेत, परदेशी संगणक क्षेत्रात असलेले दोघे आहेत, निधी जमवून याच आवारात स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाची शाळा काढावी असे सुचवले आहे. २०१२ च्या कायद्याने अशा शाळा काढणे सुकर केले आहे. या मित्रांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्यांचे म्हणणे असे की, गावची मुले पिवळ्या बसमध्ये बसून विट्याला जातातच. त्याऐवजी ती येथेच शिकतील, फीही कमी ठेवू.

मला भीती वाटते ती एका साध्या यंत्रणेची. अनुदानित शाळेतील शिक्षकांची पदे पटसंख्येवरून ठरतात. त्याला संचमान्यता म्हणतात. ज्यांना फी परवडते ती तीस-चाळीस मुले मराठी बाजूने इंग्रजी बाजूला गेली की इकडचा पट घसरतो. पट घसरला की एक पद अतिरिक्त ठरते. बहुधा ते विज्ञानाचे किंवा गणिताचे असते. शिक्षक गेला की आणखी चार पालक विचार बदलतात. असे तीन-चार वर्षे चालले की इकडे उरतात ती ऊसतोड मजुरांची, धनगरवाड्याची, आणि ज्यांच्या घरी विचारणारे कोणी नाही अशी मुले. मग पट कमी म्हणून शाळा परवडत नाही, असे एखादा शासन निर्णय सांगतो. वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यातील चौदा हजारांहून अधिक शाळांविषयी अलीकडच्या वर्षांत कसा विचार झाला, समूह शाळांची भाषा कशी आली, ते आपण वाचले आहे. शाळा मोडायला कोणी दुष्ट माणूस लागत नाही. चांगल्या माणसांनी आपापल्या मुलांपुरता शहाणा निर्णय घेतला तरी ती मोडते.

इंग्रजीला माझा विरोध नाही. तिची भूक खरी आहे, आणि ती गरिबाला अधिक आहे. म्हणून निधी जमवाच. त्यातून याच शाळेत, सर्व मुलांसाठी, इंग्रजी शिकवणारे दोन उत्तम शिक्षक ठेवा. गणित-विज्ञानाचे सेमी-इंग्रजी वर्ग नीट चालवा. ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात त्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह काढा, म्हणजे ती कोयत्याबरोबर जाणार नाहीत. प्रयोगशाळेचे कुलूप गंजले आहे, ते तोडा. माझ्या निवृत्तिवेतनातील काही भाग यासाठी दरवर्षी देण्याचे मी लिहून दिले आहे. ज्यात फी न भरणाऱ्या मुलाला वेगळ्या दाराने आत यावे लागेल, त्या इमारतीच्या फलकावर मात्र माझे नाव घालू नये, ही विनंती.

कोणी म्हणेल, प्राध्यापक महाशयांना पेन्शन आहे, त्यांना तत्त्वे परवडतात. हा टोमणा मी मान्य करतो. त्यात तथ्य आहे. म्हणून ज्यांना पेन्शन नाही अशा एका व्यक्तीकडे वळतो.

१९७५ च्या आमच्या वर्गात ४२ विद्यार्थी होते, त्यांत पाच मुली. दहावीला शाळेत पहिली आली ती या पाचांतली एक. मी चौथा होतो. निकाल जूनमध्ये लागला, तिचे लग्न मे महिन्यातच झाले होते. गुणपत्रिका नेण्यासाठी तिचे वडील आले. हेडमास्तरांनी त्यांना अर्धा तास बसवून घेतले होते, पण अक्षता पडून गेलेल्या होत्या. नवरा गिरणीत. संपानंतर तीही दोन मुलांना घेऊन गावी परतली. मी कोइमतूरला असताना ती अंगणवाडी सेविका झाली. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, म्हणजे तिच्या दहावीच्याच वर्षी. गावातील पोरांची वजने घेणे, त्यांना खाऊ घालणे, अक्षरांची ओळख करून देणे, गरोदर बायकांच्या नोंदी, आणि वर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत जे कोणाकडे नाही ते सर्व काम. पासष्टाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत या कामाच्या मोबदल्याला पगार म्हटले गेले नाही. त्याला मानधन म्हणतात. मान आणि धन या दोन्ही शब्दांची अशी थट्टा क्वचितच झाली असेल. सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ च्या एप्रिलमध्ये सांगावे लागले.

मला पंधरा वर्षे वळणे घेऊ देणाऱ्या त्याच समाजाने तिला एकही घेऊ दिले नाही. शाळा तीच, बाक तेच, ई.बी.सी.चा अर्जही तोच. तेव्हा आमच्या काळाचे गोडवे गाताना मी सावध असतो. तेव्हाची सार्वजनिक व्यवस्था दारिद्र्याच्या आड उभी राहिली. लग्नाच्या आड, जातीच्या आड ती फारशी उभी राहिली नाही. जुने दिवस परत आणा असे मी म्हणत नाही, ते यासाठी.

त्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे चहाला गेलो असता त्यांनी मला एक कागद दाखवला. गावात आणि सहा वाड्यांवर सहा वर्षांच्या आतील मुले किती, त्यांतील कोणाचे आईबाप कारखान्याला जातात, कोणाचे गलाईला परमुलखात आहेत, कोणाला वर्षाला किती फी झेपेल आणि कोणाला छदामही झेपणार नाही, हे सर्व त्यांनी घरोघर हिंडून स्वतःच्या हाताने मांडले आहे. आपल्या ठरावामागे असा एकही आकडा नाही. तो कागद त्यांनी बरोबर आणला आहे. तेव्हा अध्यक्षमहाराज, ठराव मतास टाकण्यापूर्वी माझ्या वेळेतील उरलेली दहा मिनिटे त्यांना द्यावीत, अशी माझी सूचना आहे.